‘काका, मागच्या वेळचीच ट्यूब द्या’ : परत परत येणाऱ्या मुरुमांचं काय करायचं

सदाशिव पेठेत आमचं मेडिकल आहे. आजूबाजूला अभ्यासिका, मेस आणि कॉट बेसिसवर राहणारी पोरं. त्यामुळे डोकेदुखीची गोळी, ओआरएस आणि पिंपलची ट्यूब या तीन गोष्टींना आमच्याकडे मरण नाही. पहिल्या दोन घेऊन गेलेला माणूस बरा होतो. तिसरी घेऊन गेलेला दीड-दोन महिन्यांनी परत काउंटरवर उभा असतो. “काका, मागच्या वेळचीच द्या. लावली की जातं, पण परत येतं.”

मी त्वचेचा डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. पण बावीस वर्षं तेच तेच चेहरे परत येताना बघितल्यावर एक गोष्ट कळते. परत येणारा मुरूम फार क्वचित ‘हट्टी’ असतो. बहुतेक वेळा औषधच दुसऱ्या आजाराचं लावलेलं असतं, किंवा बरोबर औषध चुकीच्या पद्धतीने आणि अर्धवट लावलेलं असतं. दुकानात मी एक पाटीही लावली आहे : ‘चेहऱ्याची ट्यूब हवी असल्यास चेहरा घेऊन यावे. मित्रास पाठवू नये.’ लोक तिचा फोटो काढतात, हसतात आणि मित्रालाच पाठवतात.

आधी आरशात बघा, मग ट्यूबकडे

केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन हार्मोन वाढतात आणि ग्रंथी जास्त तेल सोडू लागते. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या मृत पेशी नीट झडत नाहीत, चिकटून बसतात. मोरीच्या जाळीत केस आणि साबण अडकतो तसंच हे. पाणी वर यायच्या कितीतरी आधी जाळी तुंबलेली असते. चेहऱ्यावर आज दिसणारा फोड अनेक आठवड्यांपूर्वी, डोळ्यांना दिसणारही नाही इतका बारीक, आत तयार झालेला असतो. हे एक वाक्य नीट समजलं तर निम्मे प्रश्न सुटतात, म्हणून पुढे पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

छिद्र तुंबलं पण तोंड उघडं राहिलं तर काळा ठिपका दिसतो. काळा रंग धुळीचा नसतो. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन आणि हवेतला ऑक्सिजन यांमुळे तो रंग येतो, त्यामुळे लक्ष्मी रोडवर हिंडून आलात म्हणून ते झालेले नाहीत आणि घासून जाणारही नाहीत. तोंड बंद राहिलं तर त्वचेच्याच रंगाचे बारीक दाणे होतात. समोरून दिसत नाहीत. खिडकीपाशी तिरप्या उजेडात मान वळवली की दिसतात, आणि कपाळावरून बोट फिरवलं की रवा लागल्यासारखे जाणवतात.

या तुंबलेल्या जागेत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जिवाणू वाढतो. तो सगळ्यांच्याच त्वचेवर राहतो, तो कुणाकडून ‘लागत’ नाही. शरीर त्याच्याशी भांडायला लागलं की लाल, दुखरी पुळी येते. तिच्या टोकाला पू धरला की पिवळट-पांढरं तोंड दिसतं. आणि सूज खोलवर गेली की वाटाण्याएवढी किंवा त्याहून मोठी गाठ होते. तिला तोंड नसतं, उशीला गाल टेकला तरी ठणकते. ही गाठ आणि आत पू साठलेली सिस्ट, दोन्ही खड्डे ठेवून जातात. गाठी असतील तर इथेच वाचणं थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या. तुमच्यासाठी माझ्या कपाटात काही नाही.

“ट्यूब पिंपलवर लावतोय ना रोज”

इथेच घोळ आहे. टिकली लावल्यासारखी ट्यूब फोडावर लावायची नसते. तो फोड तर आता वर आलेलाच आहे, आठवडाभरात तसाही बसेल. औषध लावायचं ते पुढचे फोड अडवायला, म्हणजे ज्या भागात ते येतात तो सगळा भाग, कपाळ तर पूर्ण कपाळ.

काळे ठिपके आणि बंद दाणे हा मुख्य त्रास असेल तर जिवाणू मारणाऱ्या औषधाचा फारसा उपयोग नाही, छिद्र मोकळं करणारं औषध हवं. त्यात अडापलीन ०.१ टक्के हे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं. ट्रेटिनॉइन त्याच घराण्यातलं, जरा तिखट. डॉक्टरांनी दिलं असेल तर रात्री चेहरा धुवून, पूर्ण कोरडा झाल्यावर, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याच्या दाण्याएवढं घ्यायचं. पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड. नाकाचे कोपरे, ओठांच्या कडा आणि डोळ्यांखालचा भाग सोडायचा. वीस मिनिटांनी साधं मॉइश्चरायझर. “तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला?” हा प्रश्न मला रोज येतो. कारण साल निघाली की तुम्ही चौथ्या दिवशी औषध सोडता, म्हणून. गरोदर असाल किंवा राहायचा विचार असेल तर ही दोन्ही औषधं नकोत. त्या काळात अझेलेइक ॲसिड चालतं, पण तेही डॉक्टरांना विचारून.

हलके दाणे असतील तर सॅलिसिलिक ॲसिड २ टक्के असलेला फेसवॉश किंवा जेल मदत करतं. मदत, उपचार नव्हे. फेसवॉश तोंडावर अर्धा मिनिट राहतो आणि मग गटारात जातो, त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची?

लाल आणि पूवाल्या पुळ्यांना बेंझॉइल पेरॉक्साइड. पोरं ५ टक्केवालं, जमलं तर १० टक्केवालं मागतात, कारण जास्त म्हणजे भारी. प्रत्यक्षात २.५ टक्के जवळजवळ तेवढंच काम करतं आणि जळजळ कमी. ते सकाळी, अडापलीन रात्री, अशी जोडी डॉक्टर बरेचदा देतात. एक सूचना कुणी देत नाही म्हणून मी देतो : बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग उडवतं. रूममेटचा नवा निळा टॉवेल वापरलात तर पुढचं भांडण मुरुमांपेक्षा मोठं होईल. उशीचा अभ्रा पांढरा ठेवा.

क्लिंडामायसिन जेल हे अँटिबायोटिक आहे. नुसतं तेच महिनोन्‌महिने लावत राहिलं तर जिवाणू त्याला सरावतात आणि ‘आधी लागू पडायचं, आता पडत नाही’ अशी तक्रार सुरू होते. म्हणून ते बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने आणि ठरावीक मुदतीपुरतंच देतात. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्यांचंही तेच, साधारण तीन महिने, मग थांबायचं. ती गोळी पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिकेत अडकली तर छातीत आग होते. शिवाय तिच्यामुळे ऊन जास्त बाधतं. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता कर्वे रोडवर गाडी काढणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

“आठ दिवस झाले, काही फरक नाही”

आठ दिवसांत फरक पडणारच नाही. आज आत तुंबत असलेलं छिद्र अजून वरच आलेलं नाही. आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. त्यातही अडापलीन-ट्रेटिनॉइनच्या पहिल्या महिन्यात पुळ्या वाढल्यासारख्या वाटतात, कारण आतल्या एकदम वर येतात. नेमक्या याच टप्प्यावर मुलगा औषध बदलतो, नवं औषध चार आठवडे लावतो, परत बदलतो. वर्षाकाठी सहा ट्यूब होतात आणि एकाही औषधाला पुरती संधी मिळालेली नसते.

उपाय साधा आहे. पहिल्या दिवशी त्याच खिडकीत, त्याच वेळी फोटो काढा आणि मग महिन्यातून एकदाच. आरसा रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही. आणि चेहरा स्वच्छ झाला म्हणून औषध बंद करू नका. मुरूम परत येण्याचं सगळ्यात साधं कारण हेच. डॉक्टर बरेचदा पुढे कित्येक महिने आठवड्यातून दोन-तीन रात्री अडापलीन चालू ठेवायला सांगतात. ती चिठ्ठीतली शेवटची ओळ असते आणि ती कुणी वाचत नाही.

“लावली की दोन दिवसांत जातं, सोडली की डबल येतं”

हे वाक्य ऐकलं की मी हातातलं काम ठेवतो. मुरुमांचं कुठलंही खरं औषध दोन दिवसांत काम करत नाही. दोन दिवसांत लाली घालवतं ते स्टिरॉइड.

ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर तुमचा प्रश्न मुरूम राहिलेला नाही, ट्यूब हाच प्रश्न झाला आहे. खाज, गजकर्ण, ‘गोरं होणं’ या सगळ्यांसाठी एकच मलम म्हणून ही मिश्रणं घराघरात पोहोचली आहेत. एक नेहमीचं मिश्रण हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनचं. डॉक्टर ते वांगाच्या डागांसाठी काही आठवडे देतात, आणि मग मावशी भाचीला देते, भाची हॉस्टेलवरच्या मैत्रिणीला देते.

स्टिरॉइडने सूज दबते, चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसतो. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, गालावर लाल केशवाहिन्या दिसायला लागतात, बायकांच्या हनुवटीवर लव वाढते, उन्हात गेलं की चेहरा पेटतो. आणि गंमत म्हणजे स्टिरॉइडमुळे स्वतःच एका मापाच्या लाल पुळ्या येतात. माणूस समजतो मुरूम परत आले, पुन्हा तीच ट्यूब लावतो.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीच्या वर्षांत मीही या ट्यूब मागेल त्याला दिल्या आहेत. तेव्हा सगळे देत होते, हे काही कारण होत नाही. एक मुलगी दोन वर्षं दर महिन्याला न्यायची. एका दिवाळीत तिच्या आई तिला घेऊन आल्या आणि फक्त तिचा चेहरा मला दाखवून निघून गेल्या. काही बोलल्या नाहीत. त्यानंतर ते मलम आमच्याकडे चिठ्ठीशिवाय निघालेलं नाही. 2018 मध्ये सरकारने स्टिरॉइडची बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. तरी ती कुठे ना कुठे मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

अशी ट्यूब महिनोन्‌महिने लावली असेल तर आज वाचून उद्या एकदम बंद करू नका. एकदम सोडल्यावर चेहरा भयंकर लाल होतो, सुजतो, आग होते, आणि त्या भीतीने माणूस पुन्हा तिच्याकडेच वळतो. त्वचारोगतज्ज्ञ ती हळूहळू उतरवतात. ट्यूब सोबत घेऊन जा, लपवू नका.

“खाजतंय, आणि सगळे एकसारखे”

कपाळावर, केसांच्या रेषेजवळ, पाठीवर, छातीवर एकाच मापाचे बारीक दाणे, काळा ठिपका एकही नाही आणि खाज मात्र भरपूर, तर हे मुरूम नसण्याची दाट शक्यता आहे. मॅलासेझिया नावाची बुरशी केसांच्या मुळांत वाढली की असं दिसतं. घाम, दमट हवा आणि नुकताच झालेला अँटिबायोटिकचा कोर्स हे तिचे जवळचे मित्र. म्हणजे मुरूम समजून डॉक्सीसायक्लिन चालू ठेवलं तर ते वाढतं. डॉक्टर त्वचेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगू शकतात. औषध केटोकोनाझोलसारखं, बुरशी मारणारं, म्हणजे सगळंच वेगळं.

आमच्याकडे याचा हंगाम ठरलेला आहे. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू होतो, बाहेर पाऊस, आत घामाने चिंब टीशर्ट, आणि सरावानंतर त्याच कपड्यांत भेळ. ऑगस्टमध्ये पाठ खाजवत येणारा पोरगा दिसला की मी आधी विचारतो, “कुठल्या पथकात?” घरी गेल्यागेल्या अंघोळ आणि कोरडे कपडे, एवढ्यानेही बरंच आटोक्यात येतं.

जिमवाल्यांना आणखी दोन प्रश्न. व्हे प्रोटीन घेता का, आणि ट्रेनरने कुठलं इंजेक्शन दिलंय का? व्हे प्रोटीनने काहींचे मुरूम वाढतात. स्नायू फुगवायला घेतात त्या ॲनाबॉलिक स्टिरॉइडने तर छाती-पाठ पुळ्यांनी भरून येते. बी१२ची इंजेक्शनं, टीबीच्या उपचारातलं आयसोनियाझिड, फिट येऊ नये म्हणून घ्यायची काही औषधं, मानसिक आजारातलं लिथियम यांनीही पुळ्या येऊ शकतात. म्हणून ‘पुळ्या कधी सुरू झाल्या’ यासोबत ‘त्याआधी नवीन काय सुरू केलं’ हे आठवा. पण चालू औषध मनाने बंद करू नका, टीबीचं तर अजिबात नाही.

“दर महिन्याला, हनुवटीवरच”

पाळीच्या आठवडाभर आधी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने खोल, दुखऱ्या पुळ्या येतात आणि पंचविशी-तिशी उलटली तरी येत राहतात. “या वयात कसले मुरूम?” असं सासूबाई विचारतात, मग ती बिचारी माझ्यासमोर ओशाळते. ओशाळण्यासारखं काही नाही, या वयात पुष्कळ जणींना येतात. सोबत पाळी अनियमित, हनुवटीवर जाड केस, डोक्यावरचे केस विरळ, वजन वाढतंय, असं असेल तर पीसीओएसची, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होणाऱ्या आजाराची, तपासणी करून घ्यावी. नुसत्या हनुवटीवरच्या पुळ्यांना मात्र लगेच पीसीओएसचं लेबल लावू नका. हार्मोनशी संबंध असेल तर वरून कितीही ट्यूब लावल्या तरी अर्धवटच गुण येतो. स्पायरोनोलॅक्टोन किंवा ठरावीक गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टर देऊ शकतात. या माझ्याकडे चिठ्ठीशिवाय मागू नका.

औषध बरोबर, तरी परत : मग हे बघा

हेल्मेटचं अस्तर शेवटचं कधी धुतलंत? पट्टा घासतो तिथे, गालाच्या आणि हनुवटीच्या कडेने, रांगेत पुळ्या येत असतील तर कारण डोक्यावरच आहे. स्कार्फचंही तसंच. पुण्यातल्या मुलींचा स्कार्फ उन्हापासून चेहरा वाचवतो, पण तोच घामट स्कार्फ आठवडाभर गाडीच्या डिकीत राहत असेल तर काय बोलावं. तीन ठेवा, रोज धुतलेला बांधा. रात्री केसांना खोबरेल थापून झोपता आणि कपाळावरच दाणे येतात? तेल अंघोळीच्या तासभर आधी लावा, एवढाच बदल महिनाभर करून बघा.

बाहेरून आलेली मुलं हिंजवडी-वाघोलीच्या टँकरच्या पाण्याला दोष देतात. जड पाण्याने त्वचा कोरडी आणि खरखरीत होऊ शकते, पण छिद्र पाण्याने तुंबत नाही. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश पुरे, पाचदा घासाल तर चेहरा आणखी चिडेल.

खाण्याबद्दल थोडक्यात. मेसच्या तर्रीवर सगळे रागावतात, पण तेलकट-तिखटाचा संबंध तितका भक्कम नाही. साखर, मैदा, कोल्ड्रिंक आणि काहींच्या बाबतीत दूध, यांच्याकडे जास्त बोट जातं. सगळं एकदम सोडू नका, चहाचे सहा कप तीनवर आणून बघा.

लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा चेहऱ्याला नको. त्वचा भाजते आणि मागे राहिलेला डाग मुरुमापेक्षा जास्त दिवस टिकतो. हळदीने सहसा नुकसान होत नाही, आईही खूश राहते.

आणि फोडू नका. विशेषतः नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंतच्या भागात, तिथला जंतुसंसर्ग क्वचित का होईना, डोक्याच्या दिशेने जाऊ शकतो. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर फोडलेल्या पुळीचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. सपाट काळा डाग हळूहळू जातो, सनस्क्रीन लावलं तर लवकर. खड्डा मात्र क्रीमने भरत नाही, कुठल्याही किमतीच्या क्रीमने नाही.

‘लग्न पंधरा दिवसांवर आलंय’ ही वेगळीच जमात. पंधरा दिवसांत नवीन काहीही सुरू करू नका. एखादी मोठी गाठ आली तर त्वचारोगतज्ज्ञ तिच्यात इंजेक्शन देऊन दोन-चार दिवसांत बसवू शकतात.

डॉक्टरांकडे कधी, आणि जाताना काय न्यायचं

गाठी, खड्डे पडायला लागले, तीन महिने नीट औषध लावूनही फरक नाही, किंवा चेहऱ्यामुळे कॉलेजला जावंसं वाटत नाही. यातलं शेवटचं कारणही पुरेसं आहे. मुरुमांसोबत ताप आणि सांधेदुखी आली, फोड फुटून जखमा झाल्या, तर त्याच दिवशी जा. खासगी फी परवडत नसेल तर ससून या सरकारी रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे. रांग असते, एक सकाळ हाताशी ठेवा.

तिथे आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या दिल्या तर घाबरू नका आणि हलक्यातही घेऊ नका. मोठ्या मुरुमांवर तिच्याइतकं परिणामकारक औषध नाही. जेवणानंतर घ्यायची, पाच-सहा महिने किंवा जास्त, मधूनमधून यकृत आणि चरबीच्या रक्ततपासण्या. ओठ फाटणारच, व्हॅसलीन खिशात ठेवा. या काळात आणि थांबल्यावर एक महिनाभर गर्भ राहता कामा नये, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. तेवढा काळ रक्तदानही नाही. मैत्रिणीच्या स्ट्रिपमधली गोळी तर कधीच नाही.

जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब एका पिशवीत घालून न्या, अर्ध्या संपलेल्या, नाव पुसलेल्या, मावशीने दिलेल्यासुद्धा. पावडर, कन्सीलर न लावता जा. आणि खिडकीतले ते महिन्या-महिन्याचे फोटो मोबाइलमध्ये आधीच शोधून ठेवा, आत गेल्यावर गॅलरी चाळत बसायला वेळ मिळत नाही.